बर्फ सैल होईपर्यंत

जहाज थांबलं तेव्हा मी एका टूथफिशच्या डोक्यात चिमटा घालून त्याच्या कानातला दगड शोधत होते. मासा स्टीलच्या टेबलावर आडवा पडलेला, जवळजवळ माझ्याच उंचीचा. त्या दगडावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. ती मोजली की माशाचं वय कळतं, आणि कुठल्या वयाचे मासे किती पकडले जातायत हे कळलं की पुढच्या हंगामात किती पकडू द्यायचे ते ठरवता येतं. माझं काम त्यातलंच. मासेमारीच्या जहाजांवर मी ऑब्झर्व्हर असते. मासे पकडत नाही, मापते, वजन करते, काहींना टॅग टोचून परत पाण्यात सोडते, दोराला एखादा पक्षी अडकलाय का ते बघते. आम्ही सिडनीत राहतो, तिथे पेंडल हिलच्या दुकानांत ओळखीचं कुणी भेटलं की नवरा सांगतो, "ती फिशरीजमध्ये आहे." समोरच्याला वाटतं, असेल कुठलं तरी सरकारी ऑफिस. ते वाटणं मी सहसा मोडत नाही.

तर जहाज थांबलं. इंजिन चालू होतं, पण पायांखालचं आपटणं बंद झालं होतं. बर्फातून जाताना जहाज सारखं थरथरत, धडका घेत पुढे जातं. त्याची इतकी सवय होते की हातातला चिमटासुद्धा त्या तालावर चालतो. ते एकदम थांबलं आणि माझा चिमटाही थांबला.

टेबलाच्या पलीकडे दुसरा ऑब्झर्व्हर उभा होता. दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या समुद्रात प्रत्येक जहाजावर आमच्यासारखे दोघं असतात, एक जहाजाच्या देशाचा आणि एक बाहेरचा, म्हणजे कुणी कुणाला सांभाळून घेऊ नये. हे गृहस्थ दक्षिण आफ्रिकेचे, केस सगळे पांढरे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी वसईत शाळेत होते तेव्हापासून ते या पाण्यात ये-जा करत होते. जिवंत मोठा मासा कसा धरायचा, त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं की तो कसा शांत होतो, हे सगळं मी त्या सफरीत त्यांच्याकडून शिकले. आम्ही बोलायचो इंग्रजीत, पण आठवताना ते सगळं माझ्या कानात मराठीतच येतं, आणि त्यांना मी 'तुम्ही'च म्हणते.

मला वाटलं ते खांदे उडवतील आणि म्हणतील, होतं असं. त्यांनी सुरी खाली ठेवली, हातमोजा काढला आणि उघडा तळवा जहाजाच्या भिंतीला लावून बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तू काम कर."

पण त्यांनी स्वतः सुरी परत उचलली नाही.

आम्ही तिथे शिरलो होतो एका दोरासाठी. ही मासेमारी जाळ्याने नसते. मैलोन्‌मैल लांब दोर समुद्राच्या तळाशी सोडतात, त्याला हजारो गळ. आदल्या दिवशी मोकळ्या पाण्यात सोडलेल्या एका दोरावर वारा फिरल्यामुळे बर्फ सरकून आला होता. दोर तसाच सोडून येणं कुणालाच आवडत नाही. गळाला लागलेले मासे तिथेच मरतात, कुठल्याच मोजणीत धड येत नाहीत, आणि कॅप्टनला त्याचं उत्तर द्यावं लागतं. आमचा कॅप्टन टास्मानियाचा, माझ्याहून थोडाच मोठा, प्रत्येक वाक्यानंतर 'नो वरीज' म्हणणारा. सकाळच्या कॉफीला तो म्हणाला होता, "फट दिसतेय. आत जाऊ, दोर उचलू, बाहेर येऊ. नो वरीज." आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

फट आमच्या मागे बंद झाली.

पहिल्या दिवशी जहाज पुढे-मागे, पुढे-मागे करून जागा करायचा प्रयत्न झाला. प्रत्येक वेळी थोडं कमी सरकायचं, मग सरकेनासंच झालं. मी डेकवर जाऊन बघितलं. मला वाटलं होतं बर्फ म्हणजे सपाट, पांढरं, ख्रिसमस कार्डावरचं काहीतरी असेल. इथे मोडलेल्या लाद्या एकमेकींवर चढलेल्या, घराच्या भिंतीएवढ्या जाड, कडेला निळ्या-हिरव्या. आणि त्या हलत होत्या. इतक्या हळू, की एका जागी नजर लावून उभं राहावं लागे, मग लक्षात यायचं की मघाचा उंचवटा आता जहाजाच्या जास्त जवळ आहे.

त्या दिवसांत तिथे सूर्य मावळत नाही. भीती काळोखात वाटते असं आपण लहानपणापासून धरून चालतो. मला ती लख्ख उजेडात वाटत होती. सगळं स्वच्छ दिसत होतं आणि त्यातलं काहीही आमच्या हातात नव्हतं. केबिनमध्ये जाऊन डोळे मिटले की आवाज ऐकू येत. भिंतीच्या पलीकडून कुणी जड लोखंडी कपाट फरशीवरून ओढत नेतंय, असा तो आवाज. मध्येच थांबे. मग बंदुकीसारखा ठो. मी उठून बसे आणि कशाची तरी वाट बघे.

घरी मेसेज जात होते. जहाजावर इंटरनेट होतं, रडत-खडत चालणारं, पण चार शब्द पोचायचे. सिडनीत गिरावीनच्या घरी नवरा, आमची मुलगी आणि माझी आई. वडील गेल्यावर आई वसईहून आमच्याकडे आली. आयुष्यभर नर्सचं काम केलेली, कडक बाई. तिचा मेसेज आला, "जेवलीस का गो?"

"हो."

"समुद्र कसा आहे?"

"शांत आहे," मी लिहिलं. ते खोटंही नव्हतं. एक लाट नव्हती.

नवऱ्याने लिहिलं, "सगळं ओके?" मी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी मेसमध्ये चहा घ्यायला गेले तर आमचे आफ्रिकेचे गृहस्थ बाकावर बसलेले. शेजारी त्यांचा नारिंगी सर्व्हायव्हल सूट, गार पाण्यात जीव तगवणारा, पसरलेला, चेन उघडी, पाय घालायला तयार. उशी आणि पांघरूणही त्यांनी तिथेच आणलं होतं.

"इथे झोपलात?"

"माझी केबिन खाली आहे," ते म्हणाले. "पाण्याच्या पातळीखाली."

"माझीही आहे."

"मग तूही वर ये."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांचा चहा गार होऊन वर साय धरली होती. मग त्यांनी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी ते दुसऱ्या एका जहाजावर असंच अडकले होते. सगळे म्हणत होते वारा फिरला की सुटू. वारा फिरला, पण उलट्या बाजूने. जहाजाची बाजू पत्र्याच्या डब्यासारखी फाटली. माणसं बर्फावर उतरली आणि तिथून त्यांना उचलून नेलं.

"सगळ्यांना?" मी विचारलं.

"एक सोडून." ते कपाकडे बघत म्हणाले. "तो खाली होता."

नंतर म्हणाले, "हे मी ऑफिसात कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला परत पाठवलं नसतं. आणि मला दुसरं काही येत नाही."

तोपर्यंत माझ्या भीतीला धरायला एक काठ होता. हा माणूस शांत आहे, तोपर्यंत ठीक आहे, असं मी स्वतःला सांगत होते. तो काठच गेला. मी केबिनमधून माझी उशी आणली आणि समोरच्या बाकावर टाकली. त्या दिवसापासून आम्ही दोघं मेसमध्येच राहायला लागलो. काही खलाशी हसले. हसताना त्यांचेही डोळे भिंतीकडे होते.

काम मात्र मी सोडलं नाही. गोठवलेल्या नमुन्यांतले दगड काढणं, पाकिटांवर क्रमांक घालणं. ते काही शूरपणाने नव्हे. हात रिकामे असले की कान भिंतीकडे जायचे, एवढंच. आफ्रिकेच्या गृहस्थांनाही मी ओढून आणायचे. "हे मोजा," म्हणायचे, आणि ते मोजायचे.

बर्फाच्या कडेला आमच्यासाठी एक जहाज येऊन थांबलं होतं. पण तेही आमच्यासारखंच साधं मासेमारीचं जहाज, आत ते येऊ शकत नव्हतं. ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, त्याचा ठिपका दुर्बिणीतून दिसायचा. मी एकदाच बघितला. ते दिसणं न दिसण्यापेक्षा वाईट होतं.

मग जहाज कलंडायला लागलं. आधी मला कळलंच नाही. सूपची वाटी टेबलावर ठेवली आणि ती आपोआप माझ्यापासून दूर गेली. समोरच्या गृहस्थांनी ती एका हाताने अडवली आणि तशीच धरून ठेवली. आम्ही दोघंही त्या वाटीकडे बघत राहिलो. खालून कुठून तरी लांबलचक, कण्हल्यासारखा आवाज आला. तो थांबला आणि सायरन वाजला.

स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. पुढच्या खणात पाणी येतंय, पंप चालू आहेत, इंजिनची माणसं आणि तो स्वतः जहाजावर थांबतील, बाकीच्यांनी सूट घालून डाव्या बाजूच्या शिडीने बर्फावर उतरायचं. घाई नाही, पण आत्ता. वाक्य संपलं. मी पुढच्या दोन शब्दांची वाट बघत होते. 'नो वरीज' आलं नाही.

सर्व्हायव्हल सूट घातला की माणसाचं अस्वल होतं. बोटं जाड, पाय जड. माझी चेन गळ्याशी अडकली आणि मला वाटलं, बस, इथेच संपलं, एका चेनमुळे. स्वयंपाक्याने ती वर ओढून दिली.

डेकवर रांग लागली. दोरीच्या शिड्या खाली सोडल्या होत्या. लाइफराफ्टचे तराफे आणि सामानाची खोकी आधीच बर्फावर गेली होती. माझ्यापुढे आमचे आफ्रिकेचे गृहस्थ. ते कठड्यापर्यंत गेले, एक पाय पलीकडे टाकला आणि थांबले. दोन्ही हातांनी कठडा धरलेला. खाली बर्फावर उभे असलेले लोक वर बघून ओरडत होते, "कम ऑन, मेट!" मागचे ओरडत होते. ते हलेनात. त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि तो चेहरा तिथे नव्हताच, दुसऱ्याच कुठल्या जहाजावर होता.

पॅरामाटाच्या मॉलमध्ये सरकता जिना आला की माझी आई अशीच थांबते. ऑपरेशन थिएटरमध्ये उभं आयुष्य काढलेली बाई, पण त्या जिन्यापुढे तिचे पाय खिळतात. मी तिचं कोपर धरते आणि कानाशी बोलते. तेच माझ्याकडून झालं. मी त्यांच्या दंडाला धरलं, त्या जाड रबरावरून काही जाणवत होतं की नाही कोण जाणे, आणि बोलायला लागले. बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी मराठीत बोलत होते.

"हं. घाबरायचं नाही. मी धरलंय. आता दुसरा पाय. टाका. हां, असं. आता खालचा. बघू नका खाली, माझ्याकडे बघा."

त्यांना एक शब्दही कळला नसणार. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाय टाकला. पायरी-पायरीने मी बोलत राहिले आणि ते उतरत राहिले. त्यांचं डोकं कठड्याखाली गेलं तरी मी वरून बोलतच होते. मग माझी पाळी आली. मला उतरवायला कुणी नव्हतं. मी तेच शब्द स्वतःला म्हटले, मोठ्याने.

बर्फावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा जहाज बाहेरून बघितलं. इतके आठवडे ज्याच्यात राहिलो ते एवढंसं होतं, आणि वाकडं. त्याच्या कुशीवर बर्फाची रास चढली होती. आम्ही त्याच्यापासून दूर सरकून गटाने उभे राहिलो, वाऱ्याकडे पाठ करून. पायांखालच्या बर्फाच्या खाली अथांग समुद्र आहे हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येक जण हळूच, पाय न आपटता उभा होता.

थोड्या अंतरावर बर्फात एक भेग होती, गटारासारखी अरुंद. तिच्यातून एकदम फुस्स झालं आणि एक काळं डोकं सरळ वर आलं. ऑर्का, दातवाला शिकारी देवमासा. मग दुसरं. पाण्याबाहेर डोकं काढून ते आमच्याकडे बघत होते. मला माहीत आहे की त्या भागातले हे ऑर्का मासे खातात, बर्फावरच्या माणसाशी त्यांना काही घेणं-देणं नसतं. हे मी लोकांना स्लाइड दाखवून सांगितलेलं आहे. पण स्लाइडवर ते इतके जवळ नसतात. मी मागे सरकले, मागच्यावर आदळले, आणि आमच्या घोळक्यातून एक बारीकसा हुंकार गेला, कुणाचा ते कळलं नाही.

"मासे खाणारे," माझ्या शेजारून आवाज आला. आफ्रिकेचे गृहस्थ. शिडीपासून तोवर ते एक शब्द बोलले नव्हते. "डोळ्यावरचा पांढरा पट्टा बघ. बारीक आणि तिरका. मासे खाणारेच."

"हो," मी म्हणाले. "किती आहेत?"

"तू मोज. माझ्या चष्म्यावर बर्फ आहे."

मी मोजायला लागले. ऑर्का पुन्हा खाली गेले आणि आले नाहीत.

आम्ही तिथे किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही. सूर्य नुसता आडवा फिरत होता. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि ते थांबणं वाईट असतं हे माहीत असल्यामुळे मी ती सूटमध्ये एकमेकांवर घासत राहिले. शेवटी कठड्यावर कॅप्टन आला आणि त्याने हात हलवला. आतून लाकडी पाचर ठोकून, वर सिमेंट ओतून त्यांनी चीर बुजवली होती. पंप पाण्याला पुरे पडत होते. वर या, म्हणाला.

त्या जहाजात परत चढणं हे उतरण्यापेक्षा अवघड होतं. बाहेर गारठून मरायची भीती, आत दबून मरायची. पण मेसमध्ये गरम सूप होतं. आम्ही चढलो.

सुटका झाली ती कुणाच्या पराक्रमाने नाही. वारा फिरला आणि या वेळी बरोबर बाजूने फिरला. बर्फ सैल व्हायला लागला. लाद्यांमध्ये काळ्या रेघा दिसायला लागल्या, रेघांच्या फटी झाल्या. जहाज हळूहळू सरळ होताना सगळी भांडी परत एकदा घसरली. कॅप्टन ब्रिजवरून हललाच नाही, अगदी सावकाश, ढकलत, थांबत त्याने जहाज बाहेर काढलं. दोराचं नावही कुणी काढलं नाही. तो अजून तिथेच तळाशी असेल. मोकळ्या पाण्यात पहिली लाट लागली आणि जहाज डोललं, तेव्हा आमचे गृहस्थ बाकावर आडवे झाले आणि सूट न काढताच झोपले. इतकी गाढ झोप मी आयुष्यात बघितली नाही. मला मात्र होबार्ट बंदराचा धक्का दिसेपर्यंत झोप लागली नाही. उघड्या समुद्रावरही कान भिंतीलाच.

होबार्टला ते मला म्हणाले, "तू काय बोलत होतीस गं, शिडीवर?"

"आईशी बोलते ते."

त्यांनी मान हलवली. "मी आता घरी राहणार," म्हणाले. आणि राहिले. त्यांच्या बागेतल्या टोमॅटोंचे फोटो येतात अधूनमधून.

सिडनीला आल्यावर मला वाटलं, संपलं. पहिल्याच रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर आम्ही सगळे हॅरिस पार्कला, भारतीय दुकानांच्या वस्तीत गेलो. मुलीला उसाचा रस हवा होता. दुकानातल्या माणसाने बर्फाच्या लाद्या भरडायच्या मशीनमध्ये टाकल्या आणि बटण दाबलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते, एका दुकानाच्या भिंतीला तळवा लावून, आणि नवरा माझ्याकडे धावत येत होता.

तिथेच फुटपाथवर मी त्याला सगळं सांगितलं. लोक मिठाईचे डबे घेऊन बाजूने जात होते. मला वाटलं होतं तो चिडेल, आधी का नाही सांगितलं म्हणून. तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"जहाजं कुठे आहेत ते दाखवणारी वेबसाइट असते. तू निघालीस की मी रोज बघतो. तुझा ठिपका हलत नव्हता. आधी वाटलं साइट बिघडली. मग शेजारी दुसरं जहाज येऊन थांबलं, तेव्हा कळलं. तू नुसता अंगठा पाठवलास. मी काय लिहिणार? तुला आणखी घाबरवू? ऑफिसच्या मीटिंगमध्ये लॅपटॉपच्या एका खिडकीत तो ठिपका उघडा ठेवून बसायचो."

"आईला सांगितलंस?"

"नाही. पण त्या मला काही विचारायच्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की त्यांना कळलंय. दिवसभर रोझरीची माळ हातात. मला म्हणाल्या, पोरीला फक्त जेवलीस का एवढंच विचार."

आम्ही तिघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. हसू यायला हवं होतं. आम्ही दोघंही रडलो, भर हॅरिस पार्कात, आणि मुलगी रसाचा ग्लास घेऊन समोर येऊन उभी राहिली. "वॉट हॅपन्ड? व्हाय आर यू गाइज क्राइंग?"

तिला मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतर थोडं थोडं सांगितलं. ऑर्कांचं तिला खूप आवडलं. ते परत परत ऐकते.

पुढच्या हंगामाला बोलावणं आलं तेव्हा मी नाही म्हटलं आणि वर्षभर लॅबमध्ये बसून काम केलं. त्याच्या पुढच्या वर्षी गेले. का गेले ते मला अजून धड सांगता येत नाही. कुणी तरी मोजलं पाहिजे हे खरं, पण ते कुणीही मोजू शकतं. घरात कुणी अडवलं नाही. आईने लोकरीच्या पायमोज्यांचे जोड बॅगेत कोंबले आणि म्हणाली, "ओले झाले की बदल. आळस करू नकोस." विमानतळावर नवऱ्याने माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. त्याचा हात गार होता. माझाही होता.